जुन्या विमानांची अवतरण यंत्रणा : देखभाल व फेरफार

विमानाचे जमिनीवरील वजन पेलणारी, उड्डाणापूर्वी त्यास धावू देणारी आणि उतरताना बसणारा आघात शोषून घेणारी चाके, दंड, आघातशोषक, ब्रेक इत्यादींची जी जुळणी असते, तिला अवतरण यंत्रणा म्हणतात. हवेत असताना ही यंत्रणा निरुपयोगी व वाऱ्याला अडथळा करणारी असते. परंतु प्रत्येक उड्डाणाचा आरंभ आणि शेवट तिच्यावरच अवलंबून असतो. सुमारे १९१० ते १९५० या काळात बांधलेली आणि आजही उड्डाणक्षम ठेवलेली विमाने ऐतिहासिक ठेवा मानली जातात. त्यांच्या अवतरण यंत्रणेची देखभाल हा विमानविद्येतील एक वेगळा व नाजूक विषय आहे. ही विमाने ज्या जमिनीवर उतरण्यासाठी आखली गेली ती जमीन आता फारशी उरलेली नाही, हे त्याचे मुख्य कारण होय. विमान तेच राहिले, पण त्याच्या चाकांखालील गवताच्या जागी काँक्रीट आले. बहुतेक फेरफारांची गरज यातूनच निर्माण झाली आणि त्यांतील बहुतेक धोकेही यातूनच उद्‍भवले.

प्रारंभीचा काळ : राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी ज्या विमानाने उड्डाण केले त्यास चाके नव्हती. ते लाकडी रुळावरून धावून हवेत चढले आणि घसरपट्ट्यांवर वाळूत उतरले. यूरोपात मात्र चाकांचा स्वीकार लवकर झाला. आल्बेर्तो सांतुस-द्युमाँ यांचे १९०६ मधील विमान पॅरिसजवळ स्वतःच्या चाकांवर धावून जमिनीवरून उठले. लूई ब्लेरिओ यांच्या एकपंखी विमानाची पुढील चाके वाऱ्याच्या रोखानुसार वळू शकत आणि आघात सोसण्यासाठी तेथे रबराचा उपयोग केलेला होता. तरीही २५ जुलै १९०९ रोजी इंग्लिश खाडी ओलांडून डोव्हर येथे उतरताना त्या विमानाची चाकांकडील बाजू मोडली. खाडी ओलांडणे साधले, पण जमिनीवर टेकणे साधले नाही, हा प्रसंग पुढील संशोधनाची दिशा दाखविणारा ठरला.

पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) सॉपविथ कॅमल, कर्टिस जेएन-४ यांसारख्या विमानांमध्ये एक सोपी रचना रूढ झाली. धडाखाली इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे दंड असत, त्यांच्या टोकाशी चाकांची आस येई आणि ही आस दंडांना रबरी दोराचे अनेक वेढे देऊन बांधलेली असे. विमान टेकले की दोर ताणला जाई व आस वर सरके. रबरी दोर स्वस्त, हलका व कोणत्याही तंबूत बदलता येण्याजोगा होता. याच सुमारास दुसरी एक कल्पना पुढे आली. तोफ मागे उसळताना तिचा वेग तेलाच्या साहाय्याने आवरतात, त्या तत्त्वावर आधारित तैल-वायवीय दंडाचे एकस्व (पेटंट) इंग्लंडमधील व्हिकर्स कंपनीने १९१५ मध्ये घेतले. या दंडात तेल बारीक छिद्रातून ढकलले जाते व आघाताच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. कोंडलेली हवा स्प्रिंगचे काम करते.

आघातशोषणाचे गणित : अवतरण यंत्रणेत कोणताही बदल करण्यापूर्वी एक साधे गणित ध्यानात घ्यावे लागते. टायगर मॉथ या ब्रिटिश शिकाऊ विमानाचे कमाल वजन सुमारे ८२८ किग्रॅ. आहे. ते सेकंदास २ मी. वेगाने खाली येऊन टेकले, तर अधोगतीची ऊर्जा सुमारे १,६५६ जूल होते. त्या क्षणी विमानाचे वजन पंखच पेलत आहेत असे मानू. ही ऊर्जा २० सेंमी. अंतरात जिरवली, तर सरासरी प्रेरणा सुमारे ८,२८० न्यूटन, म्हणजे जवळजवळ विमानाच्या वजनाइतकी येते. तीच १० सेंमी. अंतरात जिरवावी लागली, तर प्रेरणा दुप्पट होते. शिवाय खाली येण्याचा वेग दुप्पट झाल्यास ऊर्जा चौपट होते.

यावरून असे दिसते की, अवतरण यंत्रणेचे सामर्थ्य तिच्या ताठरपणात नसून योग्य तेवढे दबण्यात आहे. दंड अधिक जाड केला किंवा रबर अधिक कडक बसविले, तर तो भाग मोडणार नाही. पण तो आघात धडाच्या नळ्यांकडे, लाकडी तुळयांकडे व जोडांकडे जाईल, आणि तेथे तो सहजासहजी दिसणार नाही. अनेक अपघातांत चाकांकडील भाग आधी मोडतो व धड वाचते, हा जुन्या रचनेचा दोष नसून गुण आहे.

आघात जिरविण्याचे इतरही मार्ग शोधले गेले. दुसऱ्या महायुद्धातील मॉस्किटो या लाकडी विमानात तेलाचा दंड न वापरता रबराच्या ठोकळ्यांची चळत दाबली जाईल अशी योजना होती. तीत अतिसूक्ष्म यंत्रणकामाची गरज पडत नसे. अमेरिकेतील स्टीव्ह विटमन यांनी स्प्रिंग पोलादाच्या सपाट पट्टीचा पाय प्रचारात आणला व त्याचे हक्क सेसना कंपनीने घेतले. या पायात झिजणारे भाग जवळजवळ नाहीत. मात्र साठवलेली ऊर्जा तो परत करतो, त्यामुळे चुकीच्या रीतीने टेकलेले विमान उसळते. अशा विमानात तेलाच्या दंडाचे काम काही अंशी वैमानिकाच्या कौशल्यावर सोपविलेले असते.

गवताळ मैदान व शेपटीची घसरपट्टी : १९३० पूर्वीचे विमानतळ म्हणजे बहुधा मोठी गवताळ मैदाने असत. वारा ज्या दिशेने येईल तिकडे तोंड करून विमान उतरवीत. त्यामुळे आडव्या वाऱ्याचा प्रश्न क्वचितच येई. विमानाच्या शेपटीखाली पोलादी टोक असलेली घसरपट्टी असे. ती जमिनीत रुतून वेग कमी करी, म्हणजे ब्रेकचे काम करी. आणि मागून ओढ देऊन विमान सरळ रेषेत ठेवी. १९३१ साली प्रथम उडालेल्या टायगर मॉथला मूळ रूपात चाकांचे ब्रेक नव्हते आणि मागे अशीच घसरपट्टी होती. ते या रचनेचे उत्तम उदाहरण होय.

भारतातील आरंभीची वाहतूकही अशाच जमिनीवर वाढली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले, ते जुहूच्या मैदानावर. हे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई व त्या काळात टपालसेवा पुण्याहून चालवावी लागे. अवतरण यंत्रणा आणि जमीन या एकाच जोडीच्या दोन बाजू आहेत, हे यावरून स्पष्ट व्हावे. पस मॉथची एक गंमत अशी की, त्याच्या आघातशोषक दंडांवरील निमुळती आवरणे वैमानिकास काटकोनात वळविता येत. ती वाऱ्यास आडवी झाली की हवेतच विमानाचा वेग रोखला जाई.

१९३० नंतरच्या दशकात वेग वाढला, तशी चाके आत ओढून घेण्याची पद्धत सार्वत्रिक झाली. तिचा एक प्रारंभीचा प्रयोग १९२० च्या गॉर्डन बेनेट शर्यतीतील डेटन-राइट आरबी-१ या विमानात दिसला होता. १७ डिसेंबर १९३५ रोजी प्रथम उडालेल्या डग्लस डीसी-३, म्हणजेच डाकोटा विमानाची चाके आत घेतल्यावरही काहीशी बाहेर राहतात. त्यामुळे ती खाली न येताच उतरावे लागल्यास हानी मर्यादित राहते. याच काळातील मेसरश्मिट १०९ व स्पिटफायर या लढाऊ विमानांत पाय धडालगत जोडलेले व बाहेरच्या बाजूस दुमडणारे होते. परिणामी दोन चाकांतील अंतर कमी राहिले आणि जमिनीवर ही विमाने हाताळण्यास अवघड ठरली.

बदललेली जमीन व फेरफारांची साखळी : दुसऱ्या महायुद्धात व त्यानंतर पक्क्या धावपट्ट्या सर्वत्र झाल्या. धावपट्टीची दिशा ठरलेली असते; वाऱ्याची नसते. काँक्रीटवर घसरपट्टी रुतत नाही, झपाट्याने झिजते आणि धावपट्टीही खराब करते. म्हणून जुन्या विमानांना शेपटीचे चाक बसविण्याची प्रथा पडली. हा बदल वरकरणी किरकोळ दिसतो, परंतु त्यापासून एक साखळी सुरू होते.

घसरपट्टी गेली की मागची ओढ गेली. चाक सहज फिरते, त्यामुळे वेग कमी होत नाही व विमान सरळ ठेवण्यास मदतही होत नाही. म्हणून शेपटीचे चाक पदसुकाणूला जोडावे लागते किंवा सरळ रेषेत अडकविता येईल असे करावे लागते. आणि मुख्य चाकांना ब्रेक द्यावे लागतात. ब्रेक लावला की चाक थांबते, पण विमानाचा गुरुत्वमध्य पुढे जाऊ पाहतो. मूळ रचनेत चाके गुरुत्वमध्याच्या थोडीच पुढे असल्याने विमान नाकावर उलथण्याचा संभव वाढतो. तो टाळण्यासाठी चाके आणखी पुढे घ्यावी लागतात. कॅनडात बांधलेल्या टायगर मॉथमध्ये नेमके हेच केले गेले. तेथे ब्रेक व शेपटीचे चाक देताना मुख्य चाकेही पुढे सरकविण्यात आली. तो फेरफार कारखान्यातच, पूर्ण विचाराने झाला म्हणून यशस्वी ठरला.

परंतु चाके पुढे नेल्याने शेपटीवरील भार वाढतो. तसेच गुरुत्वमध्य चाकांच्या अधिक मागे पडतो व दुसराच धोका बळावतो. शेपटीवर चाक असलेले विमान धावताना किंचित वाकडे झाले, तर चाकांवरील घर्षण गुरुत्वमध्याच्या पुढे लागत असल्याने ते वाकडेपण वाढतच जाते व विमान जमिनीवरच गरकन फिरते. यास वैमानिक ग्राउंड लूप म्हणतात. अशा वेळी बाहेरच्या बाजूच्या पायावर आडवा भार येतो व तो दुमडू शकतो. म्हणजे नाकावर उलथण्याचा धोका कमी करताना फिरण्याचा धोका वाढतो. दोहोंतील मध्यबिंदू शोधणे हेच फेरफाराचे खरे काम होय. मुख्य चाके मागे व तिसरे चाक नाकाखाली ठेवण्याची रचना १९४० नंतर लोकप्रिय झाली, ती या अडचणीमुळेच. पण ऐतिहासिक विमानात तसा बदल केल्यास ते विमान ऐतिहासिक राहत नाही.

सेसना १४० या १९४६ पासून विकल्या गेलेल्या दोन आसनी विमानाचा अनुभव याबाबत बोधप्रद आहे. ब्रेक जोरात दाबल्यास ते नाकावर जाते, म्हणून अनेक मालकांनी पाय व आस यांच्यामध्ये ठोकळे बसवून चाके सुमारे ७·५ सेंमी. पुढे आणली. हेतू साध्य झाला. तथापि चाक पायाच्या रेषेत न राहिल्याने प्रत्येक आघाताबरोबर पायास पीळ बसू लागला आणि हा पीळ धडातील ज्या पेटीत पाय रोवलेला असतो तेथवर पोहोचला. पुढील उत्पादनात कंपनीने ठोकळे न वापरता पायच पुढे कलता केला. पहिल्या उपायात लक्ष चाकाकडे होते, दुसऱ्यात भाराच्या संपूर्ण मार्गाकडे. सुरक्षित व असुरक्षित फेरफार यांतील फरक बहुधा एवढाच असतो.

ब्रेकबाबतही हीच दक्षता घ्यावी लागते. ब्रेक नसलेल्या विमानाच्या आसेवर फक्त उभा व आडवा भार येतो. ब्रेक बसविल्यावर आसेला फिरविणारी प्रेरणा निर्माण होते आणि ती पेलण्याची व्यवस्था मूळ दंडांत व जोडांत असतेच असे नाही. अधिक प्रभावी असे आधुनिक चकती-ब्रेक जुन्या ढोल-ब्रेकच्या जागी बसविताना थांबण्याचे अंतर किती कमी होईल एवढेच न पाहता, ती प्रेरणा शेवटी कोठे जाते हे पाहावे लागते.

देखभाल : जुन्या अवतरण यंत्रणेचे शत्रू मुख्यतः चार होत : वय, पाणी, मिसळलेले तेल आणि न दिसणारी भेग.

रबरी दोर वापर नसतानाही म्हातारा होतो. उजेड, उष्णता व सांडलेले तेल यांमुळे त्याची लवचिकता जाते. म्हणून विमानासाठी तयार केलेल्या दोराच्या वेष्टनात ठरावीक रंगांचे धागे विणलेले असतात व त्यांवरून उत्पादनाचे वर्ष आणि तिमाही ओळखता येते. विमान उभे असताना एक बाजू खाली बसलेली दिसणे ही दोर थकल्याची पहिली खूण होय. पायपर कबसारख्या विमानात दोर तुटला तरी पाय पसरू नये म्हणून सुरक्षा-तारदोर असतो. दोर बदलताना या तारदोराची तपासणीही आवश्यक असते.

तैल-वायवीय दंडाची चकचकीत नळी नेमकी किती बाहेर असावी हे निर्मात्याने ठरविलेले असते. हवा कमी पडली म्हणून तेल वाढविणे किंवा तेल कमी झाले म्हणून हवा भरणे या दोन्ही चुका सारख्याच गंभीर आहेत, कारण उभ्या विमानात उंची बरोबर दिसते व उतरताना दंड निकामी ठरतो. तेलाच्या जातीचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. वनस्पतिजन्य तेल निळे, खनिज तेल तांबडे व फॉस्फेट एस्टर जातीचे तेल जांभळे अशी रंगांची प्रथा आहे. पहिल्यासाठी नैसर्गिक रबराच्या, तर दुसऱ्यासाठी संश्लेषित रबराच्या अटकावकड्या लागतात. एरंडेलावर आधारलेल्या तेलासाठी बनविलेल्या जुन्या दंडात खनिज तेल घातल्यास कड्या फुगतात व मऊ पडतात. म्हणून तेलाची जात बदलायची असेल, तर सर्व कड्या बदलून संपूर्ण प्रणाली धुवावी लागते.

धातूंच्या बाबतीत नळ्यांचा आतला भाग सर्वांत धोकादायक असतो. पोलादी नळीत शिरलेले पाणी तळाशी साचते व बाहेरून रंग उत्तम असताना ती आतून गंजते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील अनेक चाके मॅग्नेशियमाच्या मिश्रधातूची असून तिचे संक्षारण लवकर होते. अशी चाके पुष्कळदा नव्याने घडवून घ्यावी लागतात. वारंवार भार पडून धातूला येणाऱ्या शिणवट्याच्या भेगा वितळजोडांच्या कडेला व बोल्टांच्या छिद्रांपाशी सुरू होतात. पोलादी भागांसाठी चुंबकीय कण परीक्षा, ॲल्युमिनियमाच्या भागांसाठी झिरपणाऱ्या रंगाची परीक्षा किंवा आवर्त विद्युत् प्रवाहाची परीक्षा वापरतात. गंज टाळण्यासाठी उच्च बलाच्या पोलादावर कॅडमियमाचे विद्युत् विलेपन करताना हायड्रोजन आत शिरून पोलाद ठिसूळ होते. तो बाहेर घालविण्यासाठी विलेपनानंतर लवकरच तो भाग सुमारे १९०° से. तापमानास अनेक तास ठेवावा लागतो. ही पायरी गाळली, तर नवाकोरा दिसणारा दंड काही दिवसांनी अचानक तुटू शकतो.

शेपटीच्या चाकाची पट्टी-स्प्रिंग खाली बसली की चाकाच्या उभ्या आसाचा कल बदलतो व ठरावीक वेगाला चाक जोरात थरथरू लागते. ही तक्रार चाकाची वाटते, पण उपाय स्प्रिंगमध्ये असतो. चाके आत घेणाऱ्या विमानांत, विमान उचलकांवर चढवून चाके अनेक वेळा आतबाहेर करून पाहतात आणि कुलपे, दरवाजे व इशारा देणारी यंत्रणा यांचा क्रम तपासतात. जोरात उतरल्यानंतर तपासणी चाकांपाशी न थांबविता धडाचे जोड, पंखांचे बोल्ट व इंजिनाचा आधार येथवर नेणे इष्ट असते.

नियमन : विमानाच्या प्रत्येक प्रतिमानास संबंधित शासन प्रकार-प्रमाणपत्र देते. त्यात नमूद केलेल्या रचनेहून वेगळे काही करावयाचे झाल्यास वेगळी मान्यता लागते. अमेरिकेत मोठ्या फेरफारासाठी पूरक प्रकार-प्रमाणपत्र किंवा अन्य मान्य तांत्रिक माहिती आवश्यक असते व केलेल्या कामाची नोंद ठरावीक प्रपत्रात शासनाकडे जाते. तेथील नागरी विमान प्रशासनाने दुरुस्तीच्या मान्य पद्धतींची एक पुस्तिकाही प्रसिद्ध केली आहे. निर्माता कंपनीच अस्तित्वात नसेल, तर प्रश्न बिकट होतो. ब्रिटनमध्ये डी हॅव्हिलंडच्या जुन्या विमानांची तांत्रिक जबाबदारी त्यासाठीच स्थापन झालेल्या एका संस्थेने उचलली आहे. भारतात हे काम नागर विमानचालन महानिदेशालयाकडे आहे. १९३४ च्या विमान अधिनियमाची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने घेतली आहे. या सर्व व्यवस्थांचे मर्म एकच : केलेला बदल लेखी असावा, म्हणजे तीस वर्षांनी ते विमान हाताळणाऱ्यास तो कळेल.

जतन व उड्डाण : १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या टपाल-उड्डाणास पन्नास वर्षे झाली तेव्हा, जे. आर. डी. टाटा यांनी लेपर्ड मॉथ या जुन्या विमानातून कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला. भारतीय वायुसेनेने जुन्या विमानांचे एक पथक राखले असून ४ मे २०१८ रोजी ‘परशुराम’ असे नाव दिलेले, ब्रिटनमध्ये पुनःस्थापित केलेले डाकोटा विमान त्यात हिंडन येथे दाखल झाले. याच जातीच्या विमानांनी २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरच्या कच्च्या हवाई पट्टीवर सैनिक उतरविले होते. न्यूझीलंडमध्ये २०१२ साली एक मॉस्किटो विमान पुन्हा उडविण्यात आले.

संग्रहालयात स्थिर उभ्या असलेल्या विमानाचा प्रत्येक मूळ भाग जपता येतो. उडणाऱ्या विमानाचा येत नाही. रबर, कड्या, टायर व कधी दंडही बदलावेच लागतात. प्रश्न उरतो तो मूळ आराखड्यामागील विचार जपण्याचा. गवतावर, वाऱ्यासमोर, ब्रेकविना उतरण्यासाठी केलेली रचना शक्य तेथे गवतावरच उतरविणे हा सर्वांत कमी खर्चाचा व सर्वांत सुरक्षित उपाय आहे. जेथे तो शक्य नाही, तेथे फेरफार जरूर करावा; मात्र चाकापासून निघालेला भार विमानात जेथे विसावतो तेथपर्यंत त्याचा माग घेतल्यावाचून तो पुरा झाला असे समजू नये.